पंखा बंद केल्यावर

भाच्यानं पाठवलेल्या चित्रपटाच्या संहितेत ११ प्रश्न होते आणि अकराच्या अकरा एकाच मुलीच्या तोंडी. ही मुलगी अमेरिकेहून मिरजेला तंबोरा करून घ्यायला येते आणि दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवल्यापासून विचारत सुटते. हे भोपळे खायचे आहेत का? हे लाकूड कुठलं? घोडीवर कानस कशाला मारताय? जवारी म्हणजे काय? आणि तो म्हातारा कारागीर, जो खरं तर दिवसभरात मोजून वीस वाक्यं बोलणारा माणूस असायला हवा, तिला पानपानभर उत्तरं देतो.

वाचून झाल्यावर मी फोन केला. आमच्याकडं सकाळ, त्याच्याकडं रात्र.

"छान लिहिलंयस रे बाळा. पण ही पोरगी काढून टाक."

"आत्या, ती काढली तर इथल्या माणसानं बोट कुणाचं धरायचं?"

या एका वाक्यावरून आम्ही दोघं पुढं दीड वर्ष भांडलो. त्याचा जन्म न्यू जर्सीतला. मराठी मात्र अस्सल सांगलीचं, कारण ते माझ्या आईकडून आलंय. ती तिकडं जाऊन सहा-सहा महिने राहायची आणि त्याच्याशी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलायला तिला येतच नव्हतं. चित्रपटाचं शिक्षण घेतलं, दोन-तीन छोटी कामं केली आणि मग त्याच्या मनानं घेतलं की आपल्या गावाकडची गोष्ट करायची. पण अशी, की शेजारच्या घरातल्या अमेरिकन कुटुंबानंही बघावी आणि सांगलीतल्या आजीनंही. नुसती तिथल्या मराठी मंडळात दाखवायची नाही, हे त्याचं म्हणणं मला पहिल्यापासून पटलं होतं. आपल्याकडं 'अमेरिकेत चित्रपट चालला' असं म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा थिएटरात बसलेले सगळे आपलेच असतात. इथून गेलेले, किंवा गेलेल्यांची मुलं. ज्याचा मामा इकडं नाही, आजोळ इकडं नाही, असा माणूस तिकीट काढतो तेव्हा खरी नदी ओलांडली म्हणायची.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते आणि मराठी चित्रपटांची इंग्रजी सबटायटल्स लिहिते. हे काम बाहेरून सोपं दिसतं. एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, एका वेळी दोनच ओळी, आणि माणसाला चेहरा बघून होईपर्यंत वाचून संपलं पाहिजे. एवढ्या चौकटीत मी रोज काय गमावते हे मला माहीत आहे. आई मुलाच्या ताटातलं उष्टं खाते, तिथं इंग्रजीत जो शब्द लिहावा लागतो तोच शब्द शिळ्यालाही वापरतात. मग तिच्या खाण्यातली माया जाते आणि नुसती काटकसर उरते. 'माहेर' लिहायला तीन शब्द लागतात आणि तरी शेवटी फक्त घर उरतं, ओढ उरत नाही. सगळ्यात त्रास होतो तो 'अहो'चा. इंग्रजीत 'अहो' नाही, म्हणून रिवाज असा की तिथं नवऱ्याचं नाव टाकायचं. पडद्यावर सत्तरीची बाई "अहो, ऐकलंत का" म्हणते आणि खाली अक्षरांत ती त्याला सरळ नावानं हाक मारत असते. जिनं लग्नात उखाण्यापुरतं घेतलेलं नाव पुन्हा कधी उच्चारलं नाही, तिच्या तोंडी ते माझ्या हातून जातं. मी तरी शक्य तिथं ती जागा मोकळी सोडते. हाक आवाजातच असते. वाचायची गरज नसते.

एक प्रसंग सांगते. एका चित्रपटात हळदीकुंकवाचा कार्यक्रम होता. बायका येतायत, एकमेकींना कुंकू लावतायत, वाण देतायत, आणि स्वयंपाकघराच्या दारात घरातलीच एक विधवा बाई उभी आहे. कुणी तिला ये म्हणत नाही, जा म्हणत नाही. करंडा तिच्यासमोरून पुढं जातो. मी 'हळदीकुंकू' हा शब्द तसाच ठेवला होता. ज्या कंपनीसाठी काम करत होते तिथून फाईल परत आली: परदेशी प्रेक्षकाला कळणार नाही, 'बायकांची पार्टी' अशा अर्थाचं लिहा. मी लांबलचक पत्र लिहिलं. त्यांनी बदलायचं ते बदललंच. आता बघणाऱ्याला काय वाटणार? की पार्टी आहे, आणि या बाईचं कुणाशी तरी बिनसलंय म्हणून ती दारात उभी आहे. शब्द अनोळखी राहिला असता तर त्यानं हात बघितले असते, करंडा बघितला असता, प्रत्येकीच्या कपाळावर थांबणारं आणि या एकीला ओलांडून जाणारं बोट बघितलं असतं. कळेलसा शब्द दिला आणि बघायचं कारणच काढून घेतलं. त्या दिवसापासून 'परदेशी प्रेक्षकाला कळणार नाही' या वाक्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

आणि दुसरं कारण आमच्याच घरातलं आहे. लहानपणी गावाकडच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा आणि सांगलीच्या टॉकीजला अधूनमधून इंग्रजी चित्रपट लागायचा. माझ्या आजीला इंग्रजी तर सोडाच, हिंदीही धड यायचं नाही, पण ती हटकून यायची. एकदा पडद्यावर एक बाई बाजार करून घरी येते. हातात तपकिरी कागदाची मोठी पिशवी, वरून भाजीचे दांडे बाहेर आलेले, आणि ती पिशवी तिनं तान्ह्या पोरासारखी छातीशी धरलेली. आजी मला म्हणाली, "पिशवीला बंद न्हाईत. मग ही बाई रोज असंच आणती व्हय गं?" मला उत्तर येत नव्हतं. आजीनं पुढं विचारलं नाही. पण चित्रपट संपेपर्यंत ती बाई पडद्यावर आली की तिचं लक्ष हाताकडं जायचं. घरी येताना म्हणाली, "लई कष्टाची बाई हाय." चित्रपट कशाबद्दल होता मला आठवत नाही. आजीला तो कळला होता, एवढं खात्रीनं सांगते.

आपण सगळे असेच अमेरिकेत जाऊन आलो. पिवळी शाळेची बस, हिरवळीवर फेकलेलं वर्तमानपत्र, नोव्हेंबरातल्या त्या सणाला टेबलाच्या मधोमध ठेवलेला भाजलेला अख्खा पक्षी. कुणी थांबून समजावलं नाही. सणाचं नाव काय, कशासाठी साजरा करतात, पक्षी तोच का, काहीही नाही. १९९४ साली तो डायनासोरांचा चित्रपट हिंदीत डब होऊन आला तेव्हा आमच्या वाड्यातली सगळी मुलं एका रविवारी गेली होती. भाषा तेवढी आपली केली होती, बाकी सगळं तिथलंच होतं, आणि कुणालाही कुठं अडलं नाही. सांगलीतल्या माणसानं न समजलेलं पोटात ठेवून पुढं बघायची सवय लावून घेतली. तीच ताकद अमेरिकन माणसात नसेल, त्याला मात्र सगळं चमच्यानं भरवायला हवं, असं धरून चालणं मला त्याचाच अपमान वाटतो.

भाच्याला हे सगळं सांगितलं. तो ऐकून घेतो, हा त्याचा गुण. मग म्हणाला, "आत्या, पणजीकडं दुसरा पर्याय नव्हता. इथं लोकांच्या हातात रिमोट आहे." त्यानं कॉलेजात खोलीतल्या मित्राला एक मराठी चित्रपट दाखवला होता. मित्र चांगला, मनापासून बसला, आणि वीस मिनिटांनी उठून गेला. चित्रपट वाईट नव्हता. पहिल्या वीस मिनिटांत नऊ नातेवाईक येऊन गेले होते आणि कोण कुणाचं हे त्याला लागेना. हे खरं आहे. आपल्याला काकू आणि मामी यांतला फरक पदरावरून, बोलण्यावरून आधीच कळलेला असतो. शिवाय आपली गोष्ट मध्यंतराच्या हिशेबानं बांधलेली असते: अर्ध्यावर एक गाठ मारायची, लोकांनी बाहेर जाऊन चहा प्यायचा, पोरांना पॉपकॉर्न द्यायचं आणि तीच गाठ चघळत परत यायचं. तिकडं मध्यंतर नसतं. एका दमात बसलेल्या माणसाला आपली ती गाठ अस्थानी वाटते आणि नंतरचा भाग दुसराच चित्रपट सुरू झाल्यासारखा वाटतो. हे त्यानं मला दोन-तीन चित्रपट घड्याळ लावून दाखवून पटवलं.

मग त्यानं आणखी एक मुद्दा काढला, तो मला फार आवडला. म्हणाला, "प्रश्न विचारणारं पात्र आपलंच आहे की. तमाशात गवळणीत मावशी असते, पेंद्या असतो, सोंगाड्या असतो. सगळे विचारतातच." माझ्या आईनं त्याला कधीतरी कवलापूरच्या तमाशाबद्दल सांगितलं असणार. खरंच आहे. आणि ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं, तिथं राहून मी सूत्रधाराला नावं ठेवू शकत नाही. पण रात्रभर विचार केल्यावर एक गोष्ट लक्षात आली. रामायण सगळ्यांना पाठ होतं. कृष्ण गवळणींना का अडवतो हे तमाशाला बसलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मावशी विचारते ते माहिती घ्यायला नव्हे. उत्तर प्रेक्षकाच्या खिशातच असतं आणि विचारण्याच्या लकबीला तो हसतो. भाच्याची मुलगी विचारत होती ती खरोखरची माहिती. ती विचारायची आणि म्हातारा मास्तर व्हायचा.

परक्या डोळ्यांसाठी गोष्ट हलवली की काय होतं याचं माझं आवडतं उदाहरण साठ वर्षांपूर्वीचं आहे. देव आनंद यांनी १९६५ च्या 'गाइड'ची दोन रूपं केली: एक इंग्रजी, अमेरिकेसाठी, ज्याच्या लेखनात पर्ल बक होत्या आणि दिग्दर्शन टॅड डॅनियलेवस्की यांचं, आणि दुसरं हिंदी, विजय आनंद यांचं. कादंबरी आर. के. नारायण यांची, मालगुडीतली. मालगुडी म्हणजे दक्षिणेतलं एक साधं गाव, स्टेशन, नदी, बाजार. सांगलीच म्हणा ना. चित्रपटासाठी ते उचलून राजस्थानात नेलं, उदयपूरचे महाल आले. नारायण यांना हे मुळीच रुचलं नाही आणि त्यांनी तसं लिहूनही ठेवलंय. इंग्रजी 'गाइड' अमेरिकेत पडला आणि विसरला गेला. हिंदी 'गाइड' आजही लोक पुन्हा पुन्हा बघतात. आता हे एवढं सरळ नाही, कारण महाल तर हिंदीतही तेच आहेत! फरक कुठं पडला? मला वाटतं, विजय आनंद यांनी तो चित्रपट कुणाला ओळख करून द्यायला केला नाही. पावसासाठी उपास धरून बसलेला माणूस आणि त्याच्याकडं आशेनं बघणारं गाव यांच्यात ते स्वतः जाऊन बसले. आणि सचिनदेव बर्मन यांची गाणी त्यांना गोष्ट थांबवणारी वाटली नाहीत. २०१० मध्ये 'काइट्स'चं पुन्हा तेच: इथं दोन तासांहून जास्त लांबीचा, तिकडं ब्रेट रॅटनर यांनी कापून बेतलेला दीड तासाचा. दोन ताटं वाढली आणि दोन्हीकडची माणसं अर्धपोटी उठली.

याउलट 'द लंचबॉक्स'. रितेश बत्रा यांचा २०१३ चा चित्रपट, अमेरिकेत सुमारे ४० लाख डॉलरचा धंदा केला, आणि तिकडं वेगळा, इकडं वेगळा असला प्रकार नाही. त्यात वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी आहेत. पडद्यावर त्या एकदाही दिसत नाहीत. भारती आचरेकरांचा नुसता आवाज आणि दोरीनं खाली येणारी टोपली. आपण मराठी माणसं तो आवाज ऐकल्याबरोबर त्यांचं स्वयंपाकघर, त्यांची साडी, ओट्यावरचा मिसळणाचा डबा सगळं उभं करतो. अमेरिकेतल्या माणसाला हे काही दिसत नाही. त्याला दिसते टोपली. वरच्या बाईचा स्वभाव त्याला मिरच्यांच्या टोपलीवरून समजून घ्यावा लागतो आणि तो घेतो. शेवटी लोकलमध्ये डबेवाले भजन म्हणतात. ते कुठलं, कुणाचं, कोण सांगत बसलंय? सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' मे १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात पहिल्यांदा दाखवला, तेव्हा त्याला सबटायटल्स करायलाही वेळ झाला नव्हता. बंगाली चित्रपट, अमेरिकन माणसं, खाली एक अक्षर नाही. माझ्या धंद्यातल्या बाईनं ही गोष्ट लिहावी हे थोडं विचित्र आहे, पण मला ती कायम बळ देते. आणि अलीकडं 'आरआरआर'नं तर तीन तासांचे तीन तास, गाण्या-नाचासकट, अल्लूरी सीताराम राजू आणि कोमाराम भीम हे कोण याची कुणालाही ओळख नसताना, तिकडच्या थिएटरात लोकांना खुर्च्या सोडून नाचायला लावलं.

मग भाचा म्हणेल, आपल्या मातीतलं केलं की पोचतं, एवढंच ना? तेही मला नाही पटत. वाईजवळचं मेणवली हे गाव घ्या. माझ्या मावशीचं सासर वाईचं, त्यामुळं मेणवलीचा घाट, नाना फडणवीसांचा वाडा, घाटावरची ती वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा हे सगळं आमच्या सुट्टीतलं. 'स्वदेस'चं चरणपूर तिथं उभं केलं होतं. नासातला शास्त्रज्ञ उत्तर प्रदेशातल्या गावात येतो, आणि ते गाव सातारा जिल्ह्यातलं. २००४ च्या डिसेंबरात आम्ही तो बघायला गेलो तर आई सारखी कुजबुजत होती, "अगं, ही कृष्णा आहे, ही कृष्णा." नदी आपली, घाट आपला, पडद्यावरची भाषा आणि माणसं उत्तरेतली, आणि कपडे कोल्हापूरच्या भानू अथय्या यांनी केलेले. 'अस्सल मातीतलं' म्हणावं असं त्यात फार थोडं आहे. तरी स्टेशनवर पंचवीस पैशाला पाणी विकणारा तो मुलगा आला आणि आईची कुजबुज थांबली. माझ्या भावानं तो न्यू जर्सीत बघितला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, पाच-सात मिनिटं तो फक्त त्या पाण्याबद्दल बोलत होता. गाव खोटं असलं तरी चालतं. हातातलं पाणी खोटं असून चालत नाही, असं काहीतरी मला तेव्हापासून वाटतंय. अजून नीट मांडता येत नाही.

भाचा गेल्या हिवाळ्यात आला तेव्हा मी त्याला मिरजेला घेऊन गेले. सतारमेकर गल्लीत आमच्या ओळखीचे एक चाचा आहेत. या लोकांचे पूर्वज शिकलगार. तलवारी-भाल्यांना धार लावायची. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यं बनवायला घेतली आणि तेव्हापासून ही गल्ली देशभरातल्या गवयांना तंबोरे देत आली. अब्दुल करीम खाँसाहेब इथंच राहिले, इथंच मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना मूठमाती मिळाली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हे सगळं भाच्यानं वाचलेलं होतं, संहितेत घातलेलंही होतं. चाचांच्या दुकानात छताला पंढरपूरकडचे सुकलेले भोपळे टांगलेले असतात आणि खाली तून लाकडाचा भुसा. आत गेलं की लाखेचा वास येतो.

चाचा एका तंबोऱ्याची जवारी काढायच्या तयारीत होते. आम्हाला बघून मान हलवली, स्टूल पुढं सरकवलं. मग उठले, भिंतीवरचं बटण दाबून पंखा बंद केला, रस्त्याकडचं शटर अर्धं ओढलं आणि परत बसले.

तार छेडली. आवाज आला तो कोरडा, लाकडावर नख मारल्यासारखा. त्यांनी तार बाजूला केली, घोडीच्या माथ्यावर कानस फिरवली. दोनदा, फक्त दोनदा. अंगठ्यानं पूड काढली, बोटाचं पेर घोडीवरून सावकाश नेलं. तार परत जागेवर. छेडली. मान हलली नाही. पुन्हा कानस, या वेळी एकदाच, तीही इतकी हलकी की मला वाटलं लागलीच नाही. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मग खिशातून सुती दोऱ्याचा तुकडा काढला, ओठांत धरून ओला केला, तारेखाली घातला आणि केसभर, खरंच केसभर, मागंपुढं सरकवायला लागले. एका जागी तो दोरा आला आणि तार उघडली. दुसरा शब्द माझ्याकडं नाही. तोवर एका ठिकाणाहून येणारा आवाज एकदम सगळ्या दुकानातून यायला लागला. खर्जाची तार वाजत होती आणि तिच्या वर, कुणी छेडला नसताना, गंधार तरंगत होता. गाणारे ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तो. चाचांनी डोळे मिटले नाहीत की हसले नाहीत. दुसऱ्या तारेकडं वळले.

येताना रिक्षात भाचा बराच वेळ गप्प होता. विश्रामबागेच्या अलीकडं म्हणाला, "आत्या, चाचांनी एक शब्द सांगितला नाही."

"तू विचारलास का?"

"विचारावंसं वाटलं नाही."

त्याच रात्री जेवणं झाल्यावर त्यानं लॅपटॉप उघडला आणि एकेक करून प्रश्न खोडले. मी म्हटलं, आता ती मुलगीही काढ. तो नाही म्हणाला. आणि इथं मी हरले, ते बरं झालं. त्याचं म्हणणं, मुलगी राहील. पण ती विचारणार नाही, बसून राहील. आज मी जिथं बसलो होतो त्याच स्टुलावर. ११ प्रश्नांतला त्यानं एकच ठेवला. ती विचारते, किती वेळ लागेल? म्हातारा म्हणतो, "लागंल तेवढा." बाकीचा वेळ ती आणि बघणारा, दोघं एकत्र काही न कळता बसलेले. मी ते वाचलं आणि माझ्या लक्षात आलं की तिच्याशिवाय ती जागा रिकामी राहिली असती. बोट धरायला माणूस हवं, हे त्याचं खरंच होतं. मला राग होता तो तिच्या बडबडीचा.

पैशांचं, परवानग्यांचं फार सांगत नाही. ते सगळ्यांचं सारखंच असतं. २२ मिनिटांचा चित्रपट झाला. पूर्ण लांबीचा पुढं कधी तरी.

सांगलीत तो आम्ही आमच्याच दिवाणखान्यात, पांढऱ्या चादरीवर दाखवला. शेजारीपाजारी आले, मिरजेहून चाचा आणि त्यांच्या गल्लीतले चौघं आले. पडद्यावरचा म्हातारा उठून पंखा बंद करतो तिथं सगळे हसले. मायेनं हसले; प्रत्येकाच्या घरात पंख्याच्या बटणाशी असा एक म्हातारा असतोच. चाचांनी फक्त एकच चूक काढली: नटानं कानस स्वतःकडं ओढली होती, ती पुढं ढकलायला हवी. ती दुरुस्त करता येण्यासारखी नव्हती. भाचा त्यांच्यासमोर कान धरून उभा राहिला.

महिन्याभरानं त्यानं तो तिकडं, आपल्या घराच्या तळघरात दाखवला. या वेळी एकही भारतीय बोलावला नव्हता, मुद्दाम. शेजारी, त्याचे जुने सहकारी, रस्त्यापलीकडच्या एक वयस्कर बाई. जवारी म्हणजे काय हे कुणीही विचारलं नाही. ज्यासाठी आम्ही दीड वर्ष भांडलो तो शब्द खाली सबटायटलात तसाच होता आणि लोकांनी तो तसाच घेतला. भोपळे, लाकूड, शटर, कशाबद्दलच काही नाही. एका तरुणानं फक्त एक विचारलं: त्या म्हाताऱ्यानं पंखा का बंद केला? एवढं उकडत असताना?

भाचा सांगतो, तो गोंधळला. याचं उत्तर द्यावं लागेल असं आम्हा दोघांच्याही कधी मनात आलं नव्हतं. संहितेत त्यावर एक ओळ नव्हती; ते चाचांचं होतं, जसंच्या तसं उचललेलं. तो काही बोलणार एवढ्यात त्या रस्त्यापलीकडच्या बाई म्हणाल्या, त्याला ऐकायचं होतं म्हणून. त्यांचे वडील घरोघरी जाऊन पियानो सुरात लावायचे. कुठल्याही घरात शिरले की आधी स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजची वायर काढायचे. मग कोट काढून बसायचे. लहानपणी सुट्टीच्या दिवशी त्या त्यांच्याबरोबर जायच्या आणि निघताना फ्रिज परत लावायची आठवण करणं हे त्यांचं काम असायचं. एवढं सांगून त्या थांबल्या, आणि भाच्याला म्हणाल्या, तो शेवटचा भाग पुन्हा लाव.

भाच्यानं हे सांगायला मला रात्री त्याच्या दोन वाजता फोन केला. त्या रविवारी मी मिरजेला गेले. चाचा एक भोपळा मांडीवर घेऊन बसले होते. पियानोवाल्याची आणि फ्रिजची गोष्ट मी त्यांना सगळी सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली, मधे एकदा "बरोबर आहे" म्हणाले. मग भोपळा खाली ठेवला.

"ताई, पियानोला जवारी असती का हो?"

मला सांगता आलं नाही. भाच्याला निरोप ठेवलाय, त्या बाईंना विचार म्हणून.